कपाटातलं पंचांग

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. २०१५ साली ते गेले आणि त्याच वर्षापासून राज्यात तो या नावानं पाळला जाऊ लागला. याच तारखेला जगभर आणखी एक दिवस असतो, हात धुण्याचा. तो २००८ पासूनचा. दोन्ही कुणी ठरवून एकत्र आणलेले नाहीत, पण ज्याच्या घरात जुनी पुस्तकं आहेत त्यानं ते जोडीनंच पाळावेत. साबणानं हात धुवायचे, पुसायचे, पाच मिनिटं वाळू द्यायचे आणि मग पुस्तकाला हात लावायचा. पांढरे सुती हातमोजे सिनेमात शोभतात. प्रत्यक्षात हातमोजा घातलेल्या बोटाला कागदाची कड कळत नाही, पान ओढलं जातं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा ठिसूळ कागद कोपऱ्याशी तुटतो. जुना कागद हाताळणारे जाणकार स्वच्छ, कोरड्या हातालाच पसंती देतात. हातमोजे ठेवावेत ते जुन्या फोटोंसाठी.

असे आगळेवेगळे दिवस वर्षात पैशाला पासरी सापडतात. २० मार्च चिमणीचा, १३ ऑगस्ट डावखुऱ्यांचा, १९ नोव्हेंबर शौचालयाचा, ५ डिसेंबर मातीचा. त्यांना हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. घरात दोन-तीनशे पुस्तकं असली की त्यातली बरीचशी एकदा वाचून फळीवर जातात आणि मग फक्त घर बदलतानाच हातात येतात. शेतीच्या खात्यानं छापलेली मातीवरची पुस्तिका, आजोबांचं वैद्यकाचं पुस्तक, कुणीतरी भेट दिलेला पक्ष्यांचा कोश, गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. यांची पाळी एरवी येत नाही. चमत्कारिक दिवसानं ती येते. मात्र क्रम सांभाळायचा: दिवस बघून पुस्तक विकत आणायचं नाही, कपाट बघून दिवस शोधायचा.

सुरुवात एका फळीपासून करावी. अख्खं कपाट एका रविवारी खाली काढलं की संध्याकाळी ढीग तसाच राहतो आणि काम तिथंच संपतं. पुस्तक काढताना वरून पाठीला बोट घालून ओढायचं नाही, तिथलाच कपडा सगळ्यात आधी फाटतो. दोन्ही बाजूंची पुस्तकं बोटभर आत ढकलायची आणि मधल्याला कमरेत धरून काढायचं. मऊ ब्रशनं वरची कड झाडायची, पाठीकडून बाहेरच्या बाजूला, म्हणजे धूळ शिवणीत जात नाही. मग पाच बाय तीन इंचाचं एक कार्ड. ग्रंथालयाच्या जुन्या तालिकेतली कार्डं साधारण याच मापाची असत, आणि चपलेच्या खोक्यात ती उभी छान बसतात. कार्डावर पुस्तकाचं नाव, खण, वाचायची पानं, दिवस आणि शेवटी ‘हाच दिवस का’. शेवटचा रकाना भरता आला नाही तर ते कार्ड बाद.

हा ‘का’ महत्त्वाचा, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या दिनविशेषांत सगळी सरमिसळ असते. दिवस कुणी जाहीर केला, कोणत्या वर्षी आणि तीच तारीख कशासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पेन्सिलनंच लिहावं. चहाचंच घ्या. चहा पिकवणारे देश २००५ पासून १५ डिसेंबर पाळत आले, संयुक्त राष्ट्रांनी मात्र २०१९ साली २१ मे ठरवला. दोन्ही खरे आहेत. मराठवाड्यात २१ मेच्या दुपारी गरम चहाच्या कपासोबत पुस्तक उघडायचा उत्साह कुणाला येणार? इथं १५ डिसेंबरच शोभतो. दुसरी नेहमीची गल्लत मराठीची. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. २७ तारखेला कवितेचं पुस्तक निघावं आणि १ मेला शब्दकोश किंवा शासनाच्या परिभाषा कोशांपैकी एखादा. त्या कोशांइतकी न उघडलेली पुस्तकं घरात दुसरी नसतील.

पहिल्या वर्षी चोवीस कार्डं पुष्कळ झाली, महिन्याला दोन. आठवड्याला एक ठरवलं की मार्चमध्ये परीक्षा आणि मेमध्ये लग्नसराई सगळं मोडून टाकते.

खोक्यात बारा महिन्यांचे बारा कप्पे केल्यावर तेरावा कप्पा तिथीचा लागतोच. मराठवाड्याचे आपले म्हणावेत असे दिवस तारखेला बसत नाहीत. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला, वेळ अमावस्या मार्गशीर्षात. ही कार्डं दरवर्षी नवं पंचांग घरात आलं की काढायची, त्या वर्षीची तारीख पेन्सिलनं टाकायची आणि वर्ष सरलं की खोडायची. शाईनं टाकलेली तारीख दुसऱ्याच वर्षी फसवते. अमावस्या आदल्या दिवशी दुपारी लागून दुसऱ्या दिवशी संपत असेल तर गावात कोणत्या दिवशी धरली आहे ते विचारून घ्यावं. कार्डावर तोच दिवस. पोळ्याचं कार्ड जनावरांवरच्या पुस्तकाचं. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही जाती इथल्याच, त्यामुळे पशुसंवर्धनाची जुनी पुस्तिका अनेक घरांत हमखास निघते. ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या म्हणजे बैलांचे खांदे चोळायच्या वेळी वाचावी. पोळ्याच्या दिवशी कुणाला सवड नसते.

तिथीच्या कप्प्यातलं माझं सगळ्यात लाडकं कार्ड भाद्रपद वद्य षष्ठीचं आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकलून नकलून तिच्यात पाठभेद शिरले होते. त्या कामाच्या स्मरणार्थ या तिथीला ज्ञानेश्वरी जयंती असते. मराठी भाषेतलं संपादनाचं इतकं मोठं काम गोदावरीच्या काठी झालं, तर तो दिवस घरातल्या पुस्तकांची शुद्धी करायला घ्यावा. जुन्या मराठी पुस्तकांत सुरुवातीला किंवा शेवटी ‘शुद्धिपत्र’ असतं: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. ते कुणी वाचत नाही, त्यामुळे चूक छापलेल्या जागी तशीच राहते. या दिवशी एक पुस्तक घ्यायचं आणि त्याच्या शुद्धिपत्रातली प्रत्येक दुरुस्ती त्या त्या पानाच्या समासात उतरवायची. तीस-पस्तीस नोंदी असल्या तर तासभर जातो.

पेन्सिल टू-बी घ्यावी. एच किंवा टू-एच कठीण असते. जुन्या मऊ कागदावर तिची रेघ खोल उमटते आणि पुढे खोडली तरी खळगा राहतो. पेन तर हातातच घेऊ नये, शाई पाठच्या पानावर फुटते. चुकीच्या शब्दावर गिरवायचं नाही. त्याच्याखाली बारीक टिंब आणि समासात शुद्ध शब्द. घोळ होतो तो ओळी मोजताना. शुद्धिपत्र करणाऱ्यानं कधी प्रकरणाचं शीर्षक ओळ म्हणून मोजलेलं असतं, कधी नसतं, आणि ‘खा.’ असं लिहिलेलं असेल तर ओळ खालून मोजायची असते. पहिल्या तीन नोंदी दोन्ही तऱ्हेनं मोजून बघाव्यात, त्यांची पद्धत कळली की पुढचं सरळ जातं. आणखी एक धोका असतो: हातातली प्रत दुसऱ्या आवृत्तीची आणि शुद्धिपत्र पहिल्या आवृत्तीचं तसंच छापलेलं. तेव्हा पानांचे आकडेच जुळत नाहीत. अशा प्रतीत काही न करता पुस्तकात एक चिठ्ठी ठेवावी. घरात एकाच गाथेच्या दोन प्रती असल्या तर त्याच दिवशी एक अभंग दोन्हींतून शेजारी शेजारी वाचावा. एक माणूस मोठ्यानं वाचतो, दुसरा डोळे दुसऱ्या प्रतीवर ठेवतो. चार कडव्यांत एखादा तरी शब्द वेगळा निघाला की लहान मुलंही सरसावून बसतात.

१५ जुलै हा विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्मदिवस, १९३२ सालचा, हिंगोलीकडच्या नांदापूरचा. नांदेडमध्ये बसून त्यांनी जे लिहिलं त्यात प्रस्तावनांचा वाटा मोठा आहे. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना तर स्वतंत्र निबंधासारखी वाचली जाते. म्हणून हा दिवस प्रस्तावनांचा. कपाटातली पाच पुस्तकं काढायची आणि पाचांच्या फक्त प्रस्तावना वाचायच्या. कादंबरी वाचताना आपण ती पानं ओलांडून जातो, आणि पुष्कळदा पुस्तकातलं खरं भांडण तिथंच मांडलेलं असतं.

त्यापाठोपाठ आठवड्यानं २२ जुलै येतो, गणितातल्या पायचा. जगात १४ मार्चचा बोलबाला जास्त, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि ३.१४ जुळतं. आपण दिवस आधी लिहितो, तेव्हा २२/७ हाच आपला हिशेब. शाळेत पाटीवर गिरवलेला अपूर्णांकही तोच. शिवाय तो पायच्या खऱ्या किमतीला ३.१४ पेक्षा जवळचा आहे: २२/७ सुमारे ०.००१३ नं जास्त भरतो, ३.१४ सुमारे ०.००१६ नं कमी. या दिवसाचा खेळ साधा आहे. सातव्या फळीवरचं, फळ्या कमी असतील तर डावीकडून सातवं, पुस्तक घ्यायचं आणि बावीसावं पान मोठ्यानं वाचायचं. ३१४ वं पान धरलं की कवितासंग्रह आणि एकांकिका सगळ्या बाद होतात, मराठीत तेवढी जाड पुस्तकं थोडी. बावीसावं पान सगळ्यांना असतं.

लेखकाचा जन्मदिवस धरावा की स्मृतिदिन, हा प्रश्न प्रत्येक कार्डाला पडतो. जो दिवस मोकळा आहे तो धरावा. कवी बी. रघुनाथ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा. त्या दिवशी झेंडावंदन आणि जिलेबीपुढे कवितेला जागा उरत नाही. ते गेले ७ सप्टेंबर १९५३ ला. परभणीच्या आणि एकूणच मराठवाड्याच्या वाचकांच्या मनात ती तारीख आहे, त्या दिवशी त्यांचं पुस्तक निवांत हाती येतं. कवी ना. धों. महानोरांचं उलट. त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा, पळसखेड्याचा, आणि दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सोळाला पावसाची कविता आणि सतराला हैदराबाद संस्थानातल्या लढ्याच्या आठवणी, अशी जोडी आपोआप लागते. सप्टेंबरात ज्वारी, तूर, कापूस रानात उभे असतात. ती कविता वाचायला याहून चांगला महिना नाही.

३० सप्टेंबर हा जगभर अनुवादाचा दिवस आहे. लातूर-धाराशिवकडच्या घरात तो त्या तारखेला ठेवू नये. १९९३ साली त्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवशी काढायचं असेल तर त्या काळची वर्तमानपत्राची कात्रणं, पुनर्वसनाचे अहवाल, भूकंप का होतो ते सांगणारं पुस्तक काढावं, शांतपणे वाचावं आणि ठेवावं. अनुवादाचं कार्ड आदल्या दिवशी सरकवलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. दिवस पाळणाऱ्याला आपल्या मातीचं भान हवंच.

१२ ऑगस्टला मात्र गर्दी चालते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिवसाचा ग्रंथपाल दिन आणि जागतिक हत्ती दिन एकाच तारखेला. हत्ती काढायला वेरूळचं पुस्तक उघडावं: कैलास लेण्याच्या जोत्याला कोरलेले हत्ती, जणू सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभे. आणि ग्रंथपालासाठी, ज्याच्याकडून उसनं आणलेलं पुस्तक घरात राहून गेलं आहे त्याला ते परत करावं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच ‘पुस्तकं वापरासाठी आहेत’ हा. उसनं पुस्तक अडकून पडलं की तो पहिला मोडतो.

परदेशी दिवसांत २३ एप्रिलचं, जागतिक पुस्तक दिनाचं, कार्ड करण्यासारखं आहे. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस यांच्या मृत्यूची तारीख १६१६ ची २३ एप्रिल अशी सांगतात, पण इंग्लंडात तेव्हा जुनं कॅलेंडर चालू होतं आणि स्पेनमध्ये नवं; दोन्ही तारखांत प्रत्यक्षात दहा दिवसांचं अंतर पडतं. तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळत जगणाऱ्या माणसाला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. बाकी डग्लस ॲडम्सच्या वाचकांचा टॉवेल दिन आणि टोलकिनच्या वाचकांचा हॉबिट दिन ज्यांच्या कपाटात त्यांची पुस्तकं आहेत त्यांनी जरूर पाळावेत.

आता प्रत्यक्ष वाचन. दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. मराठी पुस्तकाचं सामान्य आकाराचं पान मोठ्यानं वाचायला दोन ते अडीच मिनिटं लागतात, म्हणजे चार पानं. पानं आधीच ठरवून ठेवावीत, ऐन वेळी शोधायला गेलं की माणसं उठून जातात. खूण म्हणून सुती नाडी किंवा साध्या कागदाची पट्टी. टाचणी गंजते, पिंपळपान नि फूल डाग पाडतात, मोरपिसाबरोबर किडे येतात. पुस्तक सपाट उघडायचं नाही. पोथीची ठवणी किंवा लाकडी रेहल असली तर उत्तम, नाहीतर दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल ठेवून इंग्रजी व्ही अक्षरासारखं धरायचं.

दसऱ्याला पाटीपूजनाबरोबर पुस्तकं मांडतात तेव्हा हळदीकुंकू थेट मुखपृष्ठावर वाहू नये. हळद हा रंगच आहे, कागदात शिरला की निघत नाही. पुस्तकापुढे कोऱ्या कागदावर सुपारी ठेवून तिला वाहावं. निरांजन हातभर लांब, फुलं ओली नकोत, खालचं कापड खळ नसलेलं. खळीवर कसर येते, आणि कसरीला पुस्तकाच्या बांधणीतली खळही आवडते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याचसाठी.

ग्रंथाला जपायचं कसं हे शिकायला मराठवाड्याला लांब जावं लागत नाही. नांदेडमध्ये १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी ग्रंथालाच गुरूपद दिलं. गुरू ग्रंथसाहिब पहाटे उघडतात, रात्री विधीपूर्वक मिटून विश्रांतीला नेतात, रुमाल्यात ठेवतात, हात स्वच्छ आणि डोकं झाकलेलं असतं. त्याच ग्रंथात हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. घरच्या कपाटात त्या उपासनेची नक्कल करू नये, ती जागा वेगळी आहे. पण उघडण्याची वेळ ठरलेली, मिटण्याची ठरलेली आणि मधे हात निर्मळ, ही शिस्त कोणत्याही पुस्तकाला मानवते. कार्तिक शुद्ध एकादशीला, नामदेवांच्या जयंतीला, त्यांच्या अभंगांची गाथा काढली की ही नरसी ते नांदेड वाट घरातल्या पोरांना सांगता येते.

ऋतूचं एक सांगितलंच पाहिजे. इथं पुस्तकांचं नुकसान पावसापेक्षा मे महिन्यातल्या कूलरनं अधिक होतं, आणि ते लक्षात येत नाही. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि कूलरच्या झोतात असलेल्या फळीवर दिवसरात्र ओला वारा. पंधरा दिवसांत पुठ्ठ्यावर पांढरट बुरशी धरते. कपाट झोताच्या रेषेतून हलवावं, भिंतीपासून तीन इंच आणि जमिनीपासून अर्धा फूट सुटं ठेवावं. माळवदाच्या घरातल्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, उन्हाळाभर पुस्तकं सुखात राहतात, पण मृग निघायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात ती काढावीत. पावसाळ्यात मातीच्या जाड भिंतीतून ओल झिरपते. मेच्या उकाड्यात नुसत्या डिंकानं चिकटवलेली पेपरबॅक पुस्तकंही सावकाश उघडावीत. डिंक वाळून कडक झालेला असतो आणि मधोमध कट्‌ आवाज होऊन पानांचा गठ्ठा सुटतो. जुजबंदी शिवलेलं पुस्तक तेवढं सोसतं.

वर्षाच्या शेवटाकडे वेळ अमावस्या येते. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरं ओस आणि रानं भरलेली असतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी राहते, तिच्यात पूजा, आणि मग भाज्या नि कडधान्यं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल. अंबिलीला ज्वारीचं वाटीभर पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी चार वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचं, पूर्ण गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरं नि मीठ घालायचं. गरम असताना ताक घातलं की ते फाटतं.

या दिवसाचं पुस्तक रानातच वाचायचं असतं: तृणधान्यांवरचं, ओव्यांचं, गावाच्या इतिहासाचं, जे असेल ते. मात्र पहिली आवृत्ती किंवा एकुलती प्रत घेऊन जाऊ नये. दोन प्रती असल्या तर फाटकी न्यावी, नाहीतर चार पानं वहीत उतरवून घ्यावीत. जेवणाआधी वाचावं, कारण जेवणानंतर सगळ्यांचे हात भज्जीचे असतात आणि डोळे मिटलेले. पुस्तक जाताना-येताना सुती रुमालात, डब्यांच्या पिशवीत नव्हे. संध्याकाळी घरी आलं की लगेच फळीवर सरकवू नये. पानांत कडब्याचा भुगा, काळ्या मातीची धूळ, कधी एखादा जिवंत किडा असतो. दोन्ही पुठ्ठे हातात धरून पुस्तक उलटं करावं, हलकेच झटकावं, ब्रश फिरवावा, रात्रभर टेबलावर उभं अर्धवट उघडं ठेवावं, आणि सकाळी कार्डावर त्या वर्षीची तारीख खोडून ते तेराव्या कप्प्यात सगळ्यात मागे लावावं.